टीव्ही बंद केल्यावर मनात काय उरतं? पंधरा दिवसांची वही

आमच्या घरी रात्री दाराची कडी तीन वेळा तपासली जायची. एकदा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, झोपायला जाताना; एकदा पाणी प्यायला उठल्यावर; आणि तिसऱ्यांदा अंथरुणातूनच मला हाक मारून, "कडी नीट बसलीय ना गं?" सांगलीतल्या आमच्या कॉलनीत बावीस वर्षांत एक सायकल आणि अंगणातली एक पितळी घागर एवढंच चोरीला गेलंय. पण आई रोज रात्री साडेनऊ ते साडेदहा गुन्ह्यांच्या सत्यकथा पाहायच्या. त्यात रोज कुणाचा तरी विश्वासू ड्रायव्हर, भाडेकरू नाहीतर सख्खा दीर घात करायचा. मग कडी तपासावीशी वाटणारच.

जॉर्ज गर्बनर या अमेरिकन संशोधकाने १९६० च्या दशकाच्या शेवटापासून टीव्हीवरच्या हिंसेची वर्षानुवर्षं मोजदाद केली. त्याचा निष्कर्ष असा, की खूप टीव्ही पाहणारी माणसं स्वतः हिंसक होतात असं नाही. त्यांना जग प्रत्यक्षात आहे त्याहून जास्त धोक्याचं वाटू लागतं आणि अनोळखी माणसावरचा त्यांचा विश्वास कमी होतो. त्यावर आक्षेपही आले. मुळात भित्रा माणूस घरी जास्त बसतो, म्हणून टीव्ही जास्त पाहतो, असं का नसेल? असेलही. आमच्या आई मात्र भित्र्या नाहीत. २०१९ च्या पुरात त्यांनी पाणी दारात येईपर्यंत घर सोडलं नव्हतं.

मी आधी या सगळ्याकडे तासांच्या हिशेबाने पाहायचे. मोबाईल सांगायचा, "आज ४ तास १० मिनिटं." मग मी शरमेनं दोन दिवस फोन कपाटात ठेवायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तासांचा आकडा फसवा आहे. एक तास नऊवारी कशी नेसायची ते पाहिलं आणि एक तास अपघातांचे व्हिडिओ पाहिले, तर मोबाईलच्या लेखी दोन्ही सारखेच. पाहून उठल्यावर आपण कसे उठलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं काय उरलं, हे मोजायला हवं. ते मोजायचं यंत्र मला सापडलं नाही, म्हणून वही केली. तीच पद्धत इथे देते. पंधरा दिवस लागतात, रोजची सात-आठ मिनिटं जातात. शंभर पानी वही पुरून उरते.

पहिले पाच दिवस: काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं

प्रत्येक पानावर पाच रकाने पाडा. किती वाजता, काय पाहिलं, आधी मन कसं होतं, नंतर कसं होतं, सकाळी काय उरलं. शेवटचा रकाना दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी भरायचा. मिनिटं लिहायची नाहीत. लिहिली की लक्ष त्यांच्यावरच जातं आणि मग आपण स्वतःला रागवत बसतो.

या पाच दिवसांत "आता कमी पाहूया" असं मनात आलं तरी पाहणं बदलू नका. नुसत्या नोंदीनेही फरक पडतो, ही गंमत वेगळी. २०१८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. अर्ध्यांना तीन समाजमाध्यमं प्रत्येकी रोज दहाच मिनिटं वापरायला सांगितली, बाकीच्यांनी नेहमीसारखी वापरली. तीन आठवड्यांनी पहिल्या गटातला एकटेपणा आणि उदासी कमी झाली. पण धास्ती आणि "आपलं काहीतरी राहून जातंय" ही भावना दोन्ही गटांत कमी झाली होती. संशोधकांचा अंदाज असा, की आपण किती वापरतो यावर लक्ष ठेवल्याचाच तो परिणाम असावा.

आता महत्त्वाची गोष्ट. "आधी" आणि "नंतर"च्या रकान्यात "बरं", "ठीक", "वाईट" हे शब्द चालणार नाहीत. मी पहिले दोन दिवस तेच लिहिलं आणि वही निरुपयोगी झाली. आपल्या भाषेत मनाच्या अवस्थांना किती नेमके शब्द आहेत ते आठवा. हुरहूर वेगळी, रुखरुख वेगळी. धास्ती पुढे काय होईल याची असते, रुखरुख मागे राहून गेलेल्याची. घालमेल, उबग, चडफड, कासावीस, सुन्न, खट्टू, भरून येणं, हलकं वाटणं, उमेद येणं, नुसतंच कोरडं वाटणं. कुणाचं तरी नवं स्वयंपाकघर पाहून जे होतं त्याला "जळफळाट" म्हणायला जड जातं, पण म्हणा. वही तुमचीच आहे.

या शब्दांचा उपयोग नोंदीपुरताच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये मेंदूचं स्कॅनिंग करून दाखवलं, की दिसणाऱ्या भावनेला शब्दांत नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते. आपल्या घरातल्या वयस्कर बायका "जिवाची नुसती तगमग झाली बघ" असं बोलून मोकळ्या व्हायच्या, तेव्हा त्या हेच करत असाव्यात असं मला वाटतं.

माझ्या वहीतली तिसऱ्या दिवसाची एक नोंद जशीच्या तशी: रात्री सव्वाअकरा. रील्स. आधी: दमलेली, पण शांत. नंतर: खट्टू, थोडी चडफड, कारण कळत नाही. सकाळी: घर पसारा वाटतंय.

रात्रीत घर काही बदललं नव्हतं.

लावलं की लागलं?

सहाव्या दिवशी आणखी एक रकाना वाढवा आणि त्यात दोनच शब्दांपैकी एक लिहा: "लावलं" किंवा "लागलं".

मी ठरवून अमुक एक कार्यक्रम लावला, तर "लावलं". पुढचा भाग आपोआप सुरू झाला, कुणीतरी पाठवलं म्हणून उघडलं, हॉलमध्ये चालूच होतं म्हणून उभ्याउभ्या पाहिलं, तर "लागलं". हा रकाना भरताना मी अक्षरशः चकित झाले. सहाव्या दिवसाच्या अकरा नोंदींपैकी आठ "लागलं".

माणूस आपली मनःस्थिती सांभाळण्यासाठी कार्यक्रम निवडतो, असं डॉल्फ झिलमन या माध्यम-संशोधकाने १९८८ मध्ये मांडलं. कंटाळलेला माणूस थरार शोधतो, ताणलेला माणूस शांत काहीतरी. बहुतेकदा हे आपल्या नकळत होतं. त्यात तथ्य आहे, पण ते "लावलं" प्रकाराला लागू पडतं. "लागलं" मध्ये निवड कुणी दुसऱ्यानेच केलेली असते, आणि तुम्ही दमलात की उदास आहात याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

म्हणून दहाव्या दिवसापर्यंत एवढंच करा: "लागलं"चे रस्ते बुजवा. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू करणारं ऑटोप्लेचं बटण असतं, ते बंद करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटात जाऊन मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा, म्हणजे कुणी पाठवलेला व्हिडिओ तुमच्या परवानगीशिवाय फोनमध्ये उतरणार नाही. बातम्यांच्या ॲपची नोटिफिकेशन्स बंद. यूट्यूबवर नको असलेल्या व्हिडिओशेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवून "नॉट इंटरेस्टेड" किंवा "डोन्ट रेकमेंड चॅनल" निवडा. एकदा करून भागत नाही, आठवडाभर चिकाटीने करावं लागतं. आणि हॉलमधला टीव्ही कुणी पाहत नसेल तर बंद. आमच्याकडे तो सोबतीला चालू असायचा. आवाज हवा असेल तर रेडिओ आहे.

बातम्या

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण वहीत सगळ्यात वाईट नोंदी याच होत्या.

१९९७ मध्ये ब्रिटनमधल्या जॉन्स्टन आणि डेव्ही यांनी लोकांचे तीन गट करून त्यांना १४ मिनिटांच्या बातम्या दाखवल्या: एका गटाला नकारात्मक, एकाला सकारात्मक, एकाला मधल्या. नकारात्मक बातम्या पाहिलेली माणसं जास्त खिन्न आणि चिंतातुर झाली, हे अपेक्षितच होतं. पुढची गोष्ट मात्र मला फार पटली. ती माणसं बातम्यांतल्या घटनांची नव्हे, तर स्वतःच्या घरगुती गोष्टींची जास्त काळजी करू लागली. कुठल्या तरी दूरच्या शहरातली आग पाहायची आणि मग रात्री मुलाच्या दहावीची धास्ती घेऊन कूस बदलत राहायचं. दोन्हींचा संबंध आपल्या ध्यानात येत नाही. म्हणूनच "सकाळी काय उरलं" हा रकाना लागतो.

दुसरा दाखला बोस्टनचा. १५ एप्रिल २०१३ ला तिथल्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर ॲलिसन होल्मन, डाना रोझ गार्फिन आणि रॉक्सेन कोहेन सिल्व्हर यांनी ४,६७५ लोकांची पाहणी केली. पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास स्फोटाच्या बातम्या आणि दृश्यं पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्या लोकांपेक्षाही अधिक आढळली. तिथे असणाऱ्याच्या डोळ्यांसमोर स्फोट एकदा झाला. टीव्हीसमोर बसणाऱ्यापुढे तो शंभरदा झाला. २६/११ च्या वेळी मुंबईपासून चारशे किलोमीटरवर, इथे सांगलीत, आम्ही ते तीन दिवस कसे काढले हे आठवलं की मला हा आकडा अजिबात आश्चर्याचा वाटत नाही.

म्हणून बातम्या सोडायच्या का? मुळीच नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी दर तासाला कळणं ही आमची गरज होती. कुठल्या रस्त्यावर पाणी आलंय, कोयनेतून विसर्ग किती सोडलाय, यावर सामान माळ्यावर टाकायचं की घर सोडायचं ते ठरत होतं. पण त्याच दिवसांत पुराचे तेच ते व्हिडिओ, त्यावर करुण संगीत घालून, दिवसभर फिरत होते. त्यांनी पाणीपातळीबद्दल काहीच सांगितलं नाही. फक्त हातपाय गाळून टाकले. हा फरक वहीत पकडायचा: या बातमीवर मला आज काही करायचंय का? करायचं असेल तर ती हवी तितक्यांदा घ्या. नसेल तर दिवसातून एकदा पुरते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. नंतर कितीतरी वर्षं घराघरांत संध्याकाळी सातच्या मराठी बातम्या हा एक ठरलेला कार्यक्रम होता. लोक बसायचे, पाहायचे, "काय चाललंय हे" म्हणायचे आणि जेवायला उठायचे. बातमीला शेवट असायचा. आताच्या बातम्यांना तो नाही, तेव्हा तो आपणच घालायचा. मी काय केलं ते सांगते. सकाळी उठल्याबरोबर आणि झोपण्याआधीचे दोन तास बातम्या नाहीत. दुपारी जेवणानंतर वर्तमानपत्र, वीस मिनिटं. दंगल, अपघात, युद्ध यांच्या बातम्या फक्त वाचायच्या, पाहायच्या नाहीत, कारण वाचताना चित्र आपल्याला झेपेल इतकंच उभं राहतं. आणि चॅनल लावलंच तर खालच्या पट्टीत तीच बातमी दुसऱ्यांदा आली की बंद.

एक गोष्ट मनाशी असू द्या. इंग्रजी मथळ्यांवरचा एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला, की त्यावर टिचकी मारण्याचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. मथळा भडक असतो तो तुमचं बोट ओळखून.

मालिका: चेष्टा करण्याआधी

मालिकांना हसणं ही सुशिक्षित घरांतली आवडती करमणूक आहे. मीही हसायचे. पण रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांचा २००९ मधला अभ्यास वाचून जरा गप्प झाले. त्यांनी २००१ ते २००३ या काळातली बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली इथली माहिती तपासली. ज्या गावांत या दरम्यान केबल टीव्ही पोहोचला, तिथे बायकोला मारणं योग्य आहे असं मानणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला आणि घरातल्या निर्णयांत बायकांचा शब्द वाढला. सासू-सुनांच्या कारस्थानांचा तो ऐन काळ होता, बरं का! तरीही त्या गावांतल्या बायकांनी पडद्यावर आणखी काहीतरी पाहिलं असणार: शहरातलं घर, नोकरीला जाणारी बाई, मोजकी मुलं.

म्हणजे पडदा मनावर कोरतो ते नेहमी कथेचं तात्पर्यच असतं असं नाही. मागे चाललेली, गृहीत धरलेली गोष्ट जास्त खोल जाते. म्हणून मालिका पाहताना वहीत एक प्रश्न लिहून ठेवा: "इथे काय अगदी नेहमीचं म्हणून दाखवलं?" सुनेने दार लावून कुणाचं बोलणं ऐकणं? पुरुषाने जेवणाचं ताट सरकवून उठून जाणं? जाहिरात लागली की घरातल्यांशी त्यावर बोला. उपदेश नको, नुसतं "ही सरळ विचारत का नाही त्याला?" एवढं पुरतं. आमच्या आई अशा वेळी पटकथालेखकापेक्षा चांगले संवाद सुचवतात.

शिवाय एक प्रयोग कराच. ताणाच्या प्रसंगात दोन मिनिटं आवाज पूर्ण बंद करा. विजेचा कडकडाट गेला, ढोल गेला, आणि उरले तीन चेहरे एकमेकांकडे आळीपाळीने पाहत असलेले. लेक हसून सोफ्यावरून घसरला. आपल्या छातीत जे धडधडत होतं त्यातलं किती कथेचं आणि किती पार्श्वसंगीताचं, हे त्या दोन मिनिटांत कळतं.

धडधडीवरून आठवलं. झिलमन यांचंच आधीचं एक काम आहे. एका गोष्टीने अंगात चढलेली उत्तेजना लगेच उतरत नाही, आणि पुढे जे घडेल त्याला ती जोडली जाते. रात्री साडेनऊला महाएपिसोड संपला आणि नऊ बत्तीसला माझं नवऱ्याशी गॅस सिलिंडर नोंदवला की नाही यावरून भांडण झालं. वहीत पंधरा दिवसांत अशी तीन भांडणं आहेत, तिन्ही कुठला तरी थरार संपल्यावर दहा मिनिटांच्या आतली. आता नियम असा, की काहीही ताणाचं पाहिल्यावर वीस मिनिटं महत्त्वाचं बोलायचं नाही. ओटा आवरा, दूध विरजा, गच्चीवर फेऱ्या मारा. पैशांचा विषय तर अजिबात काढू नका.

रडू आलं म्हणजे वाईट नाही

वही लिहिणाऱ्याची एक चूक हमखास होते. "नंतर"च्या रकान्यात "रडले" दिसलं की तो कार्यक्रम बंद करायच्या यादीत जातो. थांबा.

भरताच्या नाट्यशास्त्रापासून आपल्याकडे हा प्रश्न चघळला गेलाय: करुण रसातून आनंद कसा मिळतो? नाट्यशास्त्राचा नंतरचा एक भाष्यकार भट्टनायक याचं उत्तर साधारणीकरणाचं. रंगमंचावरचं दुःख त्या पात्राचंही राहत नाही आणि माझंही राहत नाही, ते माणसाचं होतं, आणि म्हणून त्याची चव घेता येते. हे परीक्षेत लिहिलं होतं, पण कळलं वहीमुळे. एक जुनं नाटक मोबाईलवर पाहून मी ढसाढसा रडले. नोंद अशी: "भरून आलं. नंतर हलकं. सकाळी: माहेरी आईला फोन करावासा वाटला, केला." त्याच आठवड्यात कुणीतरी पाठवलेला रस्त्यावरच्या खऱ्या मृत्यूचा तीस सेकंदांचा व्हिडिओ: "सुन्न. सकाळी: अजून डोळ्यांसमोर." दोन्हींत दुःखच होतं, पण एकाला आकार होता, दुसरा नुसता अंगावर आला.

रील्स

मालिकेत निदान एका वेळी एकच भावना असते. रील्समध्ये वीस सेकंदांत अपघात, मग विनोद, मग विठ्ठलाची आरती, मग पोट कमी करण्याचे व्यायाम, मग पुन्हा अपघात. मनाला कुठेच टेकायला मिळत नाही, आणि म्हणून नंतरच्या रकान्यात "कोरडं" हाच शब्द पुन्हापुन्हा येतो. साधी परीक्षा घ्या: वीस रील्स झाल्यावर पहिली आठवते का?

तुलनेचा मुद्दा मात्र गंभीर आहे, मुलींच्या बाबतीत विशेष. फिजीच्या नाद्रोगा प्रांतात टीव्ही १९९५ मध्ये आला. भरदार अंगाची बाई सुंदर मानणारी ती संस्कृती. ॲन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी टीव्ही आल्यावर लगेच आणि पुन्हा १९९८ मध्ये केली. खाण्याविषयीच्या विकृत वृत्तीची खूण दिसणाऱ्या मुलींचं प्रमाण तीन वर्षांत १२.७ वरून २९.२ टक्क्यांवर गेलं. हे साध्या टीव्हीने केलं, चेहरा गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरशिवाय.

तरी घाबरवण्यात अर्थ नाही. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडा ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी करून पाहिल्या. लोकांच्या स्वतःच्या लिहिण्यात त्याप्रमाणे बदल झाला, पण अगदी नगण्य. लोकांना न विचारता हे केलं म्हणून २०१४ मध्ये गदारोळ झाला, तो रास्तच होता. पण एक रील तुम्हाला बिघडवत नाही, हेही त्यातून दिसतं. रोज रात्री झोपेच्या तोंडावर तेच तेच पाहिलं की ते साचत जातं.

घरात मुलगा-मुलगी असेल तर फोन हिसकावू नका. लेकाचा फोन मी एकदा हिसकावला आणि आठ दिवस तो मित्राच्या फोनवर पाहत होता. आता रविवारी त्याच्याशेजारी बसून म्हणते, "आज तुला आवडलेल्या तीन दाखव." त्यातली एक तरी मला कळत नाही. मग तो समजावतो, आणि समजावताना त्यालाच कळतं की ती कशासाठी बनवलीय. अगदी लहानांचं गणित सोपं आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा नको, दोन ते पाच वयात दिवसाला कमाल एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने. मोबाईल दाखवून भरवलेला घास पोटात जातो हे खरं, पण चिऊ-काऊचे घास पिढ्यान्पिढ्या गेलेच की.

नको ते दिसलंच तर

कितीही रस्ते बुजवले तरी कधीतरी भयंकर काहीतरी समोर येतंच. तेव्हा "विसर आता" हा सल्ला निकामी आहे, विशेषतः मुलांना. काय दिसलं ते त्याला स्वतःच्या शब्दांत सांगू द्या, मध्ये दुरुस्ती करू नका, आणि पुढे पाठवू नका.

दुसरा उपाय जरा विचित्र वाटेल. एमिली होम्स यांच्या गटाने २००९ मध्ये स्वयंसेवकांना अपघातांची, जखमांची दृश्यं दाखवली, आणि अर्ध्या तासाने काहींना दहा मिनिटं टेट्रिस हा ठोकळे रचण्याचा खेळ खेळायला दिला. खेळलेल्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं डोळ्यांसमोर येण्याचे प्रसंग कमी आले. डोळे आणि आकार यांच्यात गुंतवणारं काम त्या चित्राला पक्कं बसू देत नाही, असा त्यामागचा विचार आहे. माझ्याकडे टेट्रिस नाही. मी ठिपक्यांची रांगोळी काढते, कागदावर, एकवीस ठिपक्यांची. तिच्यावर प्रयोग झालेला नाही, मला मात्र बरं वाटतं.

पण झोप आठवडे उलटले तरी येत नसेल, धास्तीने काम होत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. तुमच्या त्रासाचा काय पाहिलं याच्याशी संबंध असायलाच हवा असं नाही.

अकरा ते पंधरा: एकच वगळा, एकच हलवा, एकच वाढवा

आता वही पुन्हा वाचा आणि लाल पेनाने खुणा करा. ज्या गोष्टीपुढे "नंतर" किंवा "सकाळी" मध्ये तीनदा वाईट नोंद आहे, त्यातली फक्त एक वगळा. मी रात्री अकरानंतरच्या रील्स वगळल्या. पाच गोष्टी एकदम सोडणारे सहाव्या दिवशी सगळ्या परत धरतात.

एक गोष्ट वेळ बदलून हलवा. बऱ्याचदा कार्यक्रमापेक्षा त्याची वेळ घात करते. आणि एक गोष्ट अशी वाढवा, जिच्यापुढे "उमेद" किंवा "हलकं" लिहिलंय. कुणाला ती जुन्या कीर्तनाची ध्वनिचित्रफीत सापडेल, कुणाला कुस्तीची दंगल. माझ्यासाठी ती एका मातीच्या चुलीवरच्या स्वयंपाकाची होती. त्यात कुणी बोलत नाही, हे तिचं मोठेपण.

घरात सगळ्यांनी मिळून काही ठरवायचं असेल तर आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवलं, की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. कोरोनाकाळातल्या ऑनलाइन शाळेनंतर मुलांच्या हातून मोबाईल सुटेना, तिथून हे सुरू झालं. मी उत्साहाने तीच वेळ आमच्या घरी लावली आणि दुसऱ्याच दिवशी बंड झालं, कारण सात ते साडेआठ ही आईंच्या मालिकांची वेळ! गावाला जे जमलं त्यामागे अख्खं गाव होतं. तुमच्या घराची वेळ तुम्ही शोधा. आमची रात्री साडेनऊ ते सव्वादहा ठरली, जेवणं उरकल्यावर. पहिले तीन दिवस सगळे एकमेकांकडे नुसते बघत होते. चौथ्या दिवशी पत्ते निघाले.

साडेनऊचा गुन्ह्यांचा कार्यक्रम यातच आला. आईंनी तो सोडला नाही, दुपारी दोनला पुन्हा दाखवतात तेव्हा पाहतात. आता रात्री कडी एकदाच तपासतात आणि झोपतात. दुपारी मात्र अडीचच्या सुमारास कुरिअरवाला आला की साखळी न काढता फटीतूनच त्याचं पूर्ण नाव, गाव आणि वडील काय करतात ते विचारतात.